झोपता येईल अशी गाडी

मंडी डबवाली हे गाव हरियाणाचं. पण बाजारातून चालता चालता एक रस्ता ओलांडला की आपण किलियांवालीत, म्हणजे पंजाबात पोचतो, आणि पाटी वाचल्याशिवाय ते कळतही नाही. दोन्हीकडं पंजाबी कानावर पडते, दोन्हीकडं सप्टेंबरातलं चटके देणारं ऊन आणि शेतांत नरम्याची वेचणी. नरमा म्हणजे इकडचा कापूस. कापसाच्या पट्ट्यातल्या या गावाचं नाव उत्तरेत निघतं ते मात्र जीपांमुळं. सैन्यानं मोडीत काढलेल्या, कुणाच्या वाड्यात गंजत पडलेल्या विलीज आणि महिंद्रा जीपा इथं येतात आणि नव्या होऊन जातात. नव्या म्हणजे नुसत्या रंगवलेल्या नव्हेत. सपाट पत्रा जमिनीवर टाकून हातोडीनं ठोकत बॉनेट, मडगार्ड, दारं सगळं इथंच घडतं. चेसिस कापून आखूड होते, इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा, आणि चाकं तर ट्रॅक्टरला शोभावीत अशी.

घरची छोटी गाडी विकून एक दणकट, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी घ्यायची, तिच्यात झोपण्या-रांधण्याची सोय करायची आणि हिंडायचं, एवढं आमचं ठरलं होतं. कुठली गाडी, यावर घरात दोन पक्ष. नवऱ्याचा पक्ष हॉर्सपॉवर, टॉर्क आणि डिफरन्शियल लॉकचा. माझा पक्ष टेपचा. त्याची उंची सहा फूट एक इंच. ज्या गाडीत त्याला पाय लांब करता येणार नाहीत तिच्यात मलाही झोप लागणार नाही, हे संसाराच्या अनुभवावरून सांगते. म्हणून पर्समध्ये पाच मीटरची स्टीलची टेप टाकून मी निघाले होते. गाड्या शोरूममधल्या गुळगुळीत फरशीवर बघण्यापेक्षा त्या जिथं राबतात तिथं जाऊन बघाव्यात, एवढ्या एका मुद्द्यावर युती होती.

डबवालीच्या मिस्त्रीनं आधी बाज टाकली, मग लस्सीचे पितळी ग्लास आले, आणि ते संपेपर्यंत गाडीचा विषय निघाला नाही. पुण्यात गॅरेजवाल्याकडं गेलं की तो गाडीखालूनच ‘काय प्रॉब्लेम?’ विचारतो. इथं आधी माणूस बसवायचा, गाडी नंतर. मी टेप काढून एका तयार जीपच्या मागच्या हौद्यात शिरले तेव्हा कामावरची पोरं हातोड्या थांबवून बघू लागली. हौदा चार फुटांच्या अलीकडेच संपला. मिस्त्री हसला. ‘बीबीजी, जीप सोने के लिए नहीं, दिखाने के लिए बनती है.’ लग्नाच्या वरातीत, गावच्या फेरीत, दारापुढं उभी राहून शोभा देण्यासाठी लोक ती बनवून घेतात, आणि त्यात त्यांना काही चुकीचं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. हौस आहे, हौसेला मोल नसतं.

अडचण कागदांची आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी पुस्तकात जे लिहिलंय आणि कंपनीनं जी रचना ठरवलीय, तिच्याशी फारकत घेणारे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे ठासून सांगितलं. म्हणजे टप कापून उंच करणं, चेसिस लांबवणं, दुसरंच इंजिन बसवणं हे सगळं आरटीओच्या दारात अडकणार. नवरा रात्री-रात्री ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ बघतो. तिथं टोयोटाच्या लँड क्रूझर ट्रूप कॅरियरचं छत कापून वर तंबूचं छप्पर बसवतात, आत फ्रिज, ओटा, नळ. ते बघत बसायला छान आहे. आपल्याकडं जे करायचं ते सुटं, काढून ठेवता येईल असं. हे डबवालीतच नक्की झालं, आणि तिथल्या मिस्त्रीनं निघताना आणखी एक गोष्ट सांगितली: ‘जितना लोहा लगाओगे, उतना धक्का भी मारोगे.’ लोखंडावर पोट असलेल्या माणसानं हे सांगावं याचं मला फार कौतुक वाटलं.

चंदीगडला जुन्या गाड्यांचे अड्डे पाहिले. हरित लवादाचा २०१५ चा आदेश आणि त्यावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची मोहोर, यामुळं दिल्लीतल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर संक्रांत आली. नियम पुढं सैल-घट्ट होत राहिले, पण धास्ती बसली ती बसलीच. तिथल्या धडधाकट गाड्या ना हरकत दाखला घेऊन बाहेर पडतात आणि पंजाब-हिमाचलच्या वाटेवर उभ्या राहतात. स्वस्त दिसतात. महाराष्ट्रात आणली की रस्ता कर पुन्हा भरायचा, हे विकणारा सांगत नाही. विकणारा सांगतो की गाडी डॉक्टरांची होती. इथंही प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच. आपल्याकडं स्वारगेटलाही तेच ऐकलं होतं. देशातले डॉक्टर रुग्ण कधी तपासतात कोण जाणे.

टेपचा निकाल असा: जिप्सी, जिच्यावर नवऱ्याचा तरुणपणापासून जीव, ती वजनाला टनभर, काटक आणि साधी. १९८५ पासून २०१९ पर्यंत विकली गेली तरी मागची जागा दोन माणसांना समोरासमोर बसण्यापुरतीच. तिची धाकटी बहीण जिम्नी पाच दारांची आहे, पुढच्या सीटा पाडल्या की मागच्या सीटांना टेकून एक लांबोळकं अंथरूण होतं, पण ते उंचसखल, आणि मग सामान कुठं ठेवायचं? थार दिसायला राजबिंडी, आत दोघांचा संसार मावत नाही. पिकअप गाड्यांचा हौदा उत्तम, पण बऱ्याचशा मालवाहतुकीत मोडतात, पिवळी पाटी लागते. पजेरो आणि एंडेव्हर दोन्ही तगड्या, पण एकीची विक्री थांबून जमाना झाला आणि दुसरीच्या कंपनीनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं. सुटा भाग हवा तर मित्राला फोन करा, मित्राच्या मित्राला करा, आणि तोपर्यंत गाडीतच राहा, जे आपल्याला नाहीतरी करायचंच होतं.

सिमल्याहून पुढं नारकंड्याच्या वाटेवर हवा बदलली आणि गाड्याही बदलल्या. सफरचंदांचा हंगाम होता. शंभरेक वर्षांपूर्वी सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसानं इथल्या कोटगढला लाल सफरचंदांची कलमं आणून लावली, स्वतः हिंदू होऊन सत्यानंद झाला, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला. आज या डोंगरांचा सगळा पैसा त्या झाडांवर लटकलेला असतो. आणि तो पैसा बागेतून सडकेपर्यंत आणतात त्या बोलेरो कॅम्पर आणि पिकअप. खोक्यांवर खोकी, वर दोरखंड, त्यावर एक पोरगा. नारकंड्याच्या टपरीवर गरम सिड्डू खाताना अशा एका पिकअपचा मालक शेजारी बसला होता. सिड्डू म्हणजे वाफवलेली कणकेची फुगीर करंजीच, आत अक्रोड आणि खसखस, वरून तूप इतकं की बोटांवरून मनगटाकडं निघतं. त्यानं माझ्या ताटलीत आणखी तूप ओतायला लावलं, पाहुणी म्हणून. नवऱ्यानं त्याला विचारलं, चारचाकी जोर किती वेळा लावता? तो म्हणाला, पाऊस पडून बागेची वाट चिखलाची झाली की. तेही आत शिरायला नाही, अडकल्यावर बाहेर पडायला. आधीपासून लावून शिरलं की माणूस जिथं शिरू नये तिथं शिरतो.

त्याची गाडी मी आतून-बाहेरून पाहिली. मिरवण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. दाराच्या आतलं आवरण उडालेलं, आरशाला दोरी. पण टायर नवेकोरे, आणि सीटखाली टो-दोरी, फावडं, हवा भरायचा पंप, सगळं हाताला येईल असं. आपल्याकडं उलटं असतं. वर दिव्यांची माळ, पुढं लोखंडी गार्ड, आणि टायर मात्र बोटानं चाचपले तर गुळगुळीत.

रामपूर मागं पडलं की सतलज बाजूनं गुरगुरत राहते आणि हिंदुस्थान-तिबेट रस्ता कड्याच्या पोटातून जायला लागतो. वर कातळाचं छप्पर, खाली नजर ठरत नाही. तरंडा देवीच्या देवळापाशी येणारी-जाणारी गाडी थांबतेच. ड्रायव्हर उतरतो, हात जोडतो, निघतो. आम्ही भाड्याच्या सुमोत होतो. आमचा ड्रायव्हर किन्नौरचा, डोक्यावर हिरव्या पट्टीची टोपी, बोलणं मोजकं. समोरून गाडी आली की कोण मागं जाणार याचा फैसला दोघांच्या नजरेतच व्हायचा. चढणाऱ्याला वाट, आणि ज्याच्या मागं जागा जवळ तो मागं. हॉर्न नाही, काच खाली करून भाषण नाही. मागं गेलेल्याला पुढचा जाताना हात वर करून जातो. वाटेत पंक्चर काढत बसलेली एक गाडी दिसली तर आमच्यासह तिघं थांबले, एकानं पाना दिला, एकानं नुसतं चाक धरलं. पुण्यात गाडी बंद पडली तर सल्ला देणारे पाच मिळतात, आणि पाचही बरोबर असतात, एवढंच.

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून रस्ता वळणं घेत वर चढतो आणि झाडं संपतात. साडेतीन हजार मीटरच्या वर नाको, तळ्याकाठचं दगडी घरांचं गाव. आणि गावाबाहेरच्या सपाटीवर एमएच ०९ पाटीची एक सफारी स्टॉर्म. आपल्या पाटीची गाडी इतक्या लांब दिसली की पाय आपोआप तिकडं वळतात. कोल्हापूरचं जोडपं होतं, दोघंही साठीच्या पुढचे. ‘या की, या. पिठलं टाकलंय,’ असं वहिनींनी ओळख व्हायच्या आतच म्हटलं. काकांनी हयात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या वर्कशॉपात काढलेली.

त्यांची गाडी बघण्यात आमची सबंध दुपार गेली, आणि माझ्या मते सगळ्या प्रवासात शिकण्यासारखं सर्वांत जास्त तिथंच होतं. मागची सीट घडी करून तिच्यावर प्लायवूडची चौकट. चौकटीखाली दोन लांब खण: डावीकडं शिधा आणि भांडी, उजवीकडं हत्यारं आणि कपडे. खण बाहेर ओढला की त्याच्या टोकाची फळी म्हणजे ओटा, त्यावर एका बर्नरची शेगडी, मागच्या उघड्या दाराचं छप्पर. वर तीन तुकड्यांची गादी. झोपायच्या वेळी पुढच्या सीटा पुढं सरकवून तिसरा तुकडा उलगडायचा, तेव्हा कुठं लांबी पुरते. सगळी चौकट कंपनीनं दिलेल्या सीटबेल्टच्या बोल्टांना जोडलेली, हातानं फिरवायच्या नटांनी. आमच्यासमोर काकांनी पाना न लावता पाऊण चौकट सोडवून दाखवली. ‘आरटीओ म्हनला काढ, की काडली. घरला जाऊन परत बसवली. गाडीला एक भोक पाडलं न्हाई.’

तुम्ही टपावर तंबू का नाही लावला, असं नवऱ्यानं विचारलं. त्याला तो हवा होता. काका म्हणाले, पन्नास-साठ किलो डोक्यावर घेऊन नाचून बघा. वजन खाली आणि मधोमध पाहिजे, ट्रॉलीला काय नि गाडीला काय. पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन त्यांनी पुढच्या सीटांच्या पाठीमागं, जमिनीला टेकून ठेवलेले. प्लायवूडही बारा मिलिमीटरचं, जाड नाही. मग म्हणाले, ‘ताई, गाडी भारी हाय का न्हाई ते नंतर बगा. पयलं तुमी जानार त्या वाटंवर तिचा मिस्त्री कोन हाय ते बगा.’

वहिनींचे मुद्दे वेगळे, आणि कुठल्याच माहितीपत्रकात न छापले जाणारे. रात्री गाडीची काच दोन बोटं उघडी ठेवायची, नाहीतर दोघांच्या श्वासाचं पाणी काचेवर साचतं आणि पहाटे त्याचा बर्फ होऊन उशीवर पडतो. शेगडी आत कधीच लावायची नाही, कितीही थंडी असो, विषारी वायूनं माणूस झोपेतच जातो. डोकं चढाच्या बाजूला. चाकाखाली चपटे दगड घालून गाडी सपाट करायची. त्यांच्याकडं त्यासाठी नदीतले निवडून आणलेले दगड होते. आणि पडदे. ‘पडदं आदी शिवा, गाडी मागनं घ्या,’ त्या म्हणाल्या. शेवटचा मुद्दा त्यांनी मला बाजूला नेऊन सांगितला आणि झाकणाची बादली दाखवली. रात्री उणे तापमानात, कुत्री भुंकत असताना, बाईमाणसानं कुठं जायचं हा प्रश्न डिफरन्शियल लॉकपेक्षा मोठा आहे, आणि त्यासाठी गाडीत बसता येईल एवढी उंची लागते. मी लगेच टेप लावली. सफारीत गादीपासून छतापर्यंत मान किंचित वाकवून बसता येत होतं.

ताबोला इ.स. ९९६ मधला मातीचा मठ पाहिला. आतल्या अंधारात डोळे सरावल्यावर भिंतींवरच्या आकृत्या एकेक करून पुढं येतात. त्यावर लिहायचं तर स्वतंत्र लेख हवा. काझाला पोचेपर्यंत आमचं लक्ष पुन्हा गाड्यांकडं. तिथल्या एका मिस्त्रीच्या शेडमध्ये त्याच्या बायकोनं मीठ-लोण्याचा चहा दिला. पहिला घोट परका, तिसऱ्या घोटाला अंगात ऊब. वाटी रिकामी झाली की ती पुन्हा भरणार, हे कळल्यावर मी वाटी अर्धी ठेवायला शिकले.

मिस्त्रीनं गाड्यांचं गणित वेगळ्या बाजूनं मांडलं. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सहा दशांशाहूनही कमी. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन, म्हणजे जिप्सीचं, तिथं जवळपास चाळीस टक्के ताकद हरवून बसतं. टर्बो असलेलं डिझेल बरंचसं तगून राहतं. पण एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना धूर गाळणारी जाळी असते. ती साफ व्हायला इंजिन चांगलं तापावं लागतं आणि स्पितीच्या वाटेवर गाडी दिवस-दिवस दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. काही गाड्यांना युरियाचं पाणी लागतं, ते उणे अकराला गोठतं. साधं डिझेलही थंडीत दाटतं, म्हणून पहाटे टाकीखाली निखारे ठेवणारे लोक इथं आहेत. तो म्हणाला, नवी गाडी वाईट नाही, पण ती संगणकाची गाडी आहे आणि माझ्याकडं संगणक नाही. त्याच्या शेडबाहेर उभ्या होत्या त्या सगळ्या सुमो, बोलेरो आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर.

कुंझुमला आम्ही एसटीसारख्या साध्या सरकारी बसनं निघालो. खिंडीतल्या देवीच्या देवळाला बसनं पूर्ण प्रदक्षिणा घातली, प्रवासी खिडकीतून हात जोडून. मग बातल, आणि पुढं छतरूपर्यंत जो आहे त्याला रस्ता म्हणायची पद्धत आहे. नदीनं आणून टाकलेले गोटे, आणि दर थोड्या अंतरानं आडवा येणारा नाला. हे नाले सकाळी गुडघ्याएवढे आणि दुपारी, वर बर्फ वितळलं की, मांडीएवढे. इथले लोक म्हणून पहाटे निघतात. एका नाल्यात नवीकोरी, महागडी, चारही चाकांना जोर असलेली गाडी मधोमध रुतून बसली होती. टायर शहरातले, वर सामानाचा डोंगर, मालक पँट दुमडून पाण्यात. आमचा ड्रायव्हर उतरला, दगड निरखले, दोन हलवले, कंडक्टरला पलीकडं उभं केलं आणि मागच्या दोनच चाकांना जोर असलेली ती बस एका दमात पलीकडं नेली. मग बसमधले सगळे उतरून त्या गाडीला ढकलायला गेले. डबवालीच्या मिस्त्रीचं लोखंडाचं वाक्य नवऱ्याला तेव्हा आठवलं असणार, कारण ढकलताना त्यानं माझ्याकडं बघायचं टाळलं.

मनालीत उतरलो तेव्हा आमच्या दोन पक्षांत फारसं अंतर उरलं नव्हतं. तिथं जिकडं बघावं तिकडं टेम्पो ट्रॅव्हलर, आणि ब्यासच्या काठी गॅरेजांची रांगच्या रांग त्यांच्यावर जगते. त्यातल्या एका गॅरेजात बीएस-४ काळातली पाच दारांची फोर्स गुरखा विकायला उभी होती. डोंगरात मुक्कामाचे तंबू चालवणाऱ्या माणसाची, डॉक्टरांची नव्हे. इंजिन २.६ लिटरचं, मर्सिडीजच्या जुन्या घराण्यातलं, ट्रॅव्हलरमध्ये असतं त्याचंच भावंड. म्हणजे जिथं म्हणून देशात टेम्पो पोचलाय तिथं तिचा मिस्त्री आहे. ताकद शंभर हॉर्सपॉवरच्याही आतली. नवऱ्यानं हा आकडा दोनदा विचारून घेतला, जणू दुसऱ्यांदा वाढेल. एसी दुबळा, दारांच्या फटीतून वारा शिट्ट्या घालतो, आणि डॅशबोर्डकडं बघून मन प्रसन्न व्हावं असं काही नाही. तो खाली सरपटत जाऊन चेसिसवर टॉर्च मारून गंज शोधू लागला. मी मागं शिरले, मधलं बाक घडी केलं, पुढच्या सीटा सरकवल्या आणि टेप सोडली. सहा फुटांचा आकडा ओलांडून ती आणखी चार बोटं पुढं गेली. उंचीही भरपूर. मी मांडी घालून ताठ बसले, तरी डोक्याला छत लागलं नाही.

घासाघीस दोन कप चहाभर चालली. मालकाला थंडीच्या आधी पैसे हवे होते, आम्हाला कागद चोख हवे होते. शेवटी इसार देऊन ना हरकत दाखला त्यानं काढून द्यायचा असं ठरलं. संध्याकाळी नवऱ्यानं आमच्या पुण्याच्या सुताराला फोन लावला. सुतार अठरा मिलिमीटरच्या प्लायवर अडून बसला. म्हणे बाराची चौकट कुरकुरेल, मग लोक मला नावं ठेवतील. आठ बाय चारचा अठराचा एक तुकडाच तीस किलोच्या वर जातो, आपल्याला असे तीन लागणार, हे मी मागून ओरडून सांगत होते. शेवटी फोन माझ्या हातात घेतला आणि बारावर सौदा तोडला. आडव्या पट्ट्या दोन जास्त मारायच्या, नट हातानं फिरवायचे, आणि पडद्यांचं कापड मी आल्यावर दाखवते म्हणाले.